मंगळवारी खेळणारा क्लब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. संगीताला — माझ्या बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी काही लपवत नाही असं ती समजते. तुम्हाला का सांगतोय? नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळचा अमरावतीचा, मस्कतला येऊन बरीच वर्षं झाली. सकाळी अल् खुवैरच्या एका क्लिनिकमध्ये असायचो आणि संध्याकाळी — त्या काळात — सीबकडच्या एका लहानशा फुटबॉल क्लबात. खेळाडूंचे पाय चोळायचे, टेप बांधायची, आणि कोण खेळू शकतो, कोण नाही, ते सांगायचं. हे शेवटचं काम मला नको वाटायचं. 'हा खेळू शकत नाही' हे ऐकायला कुठल्या मॅनेजरला आवडतं?

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच एका क्लबाबद्दल. मी तो कधी पाहिला नाही. घानाच्या किनाऱ्यावर, एका मासेमारी गावात होता. होता — आता नाही. त्याचा सगळा इतिहास मला पाठ आहे, कारण कोफीनं तो मला सांगितला.

कोफी त्याच क्लबातून आमच्याकडे आला. बावीस-तेवीसचा असेल. डाव्या बाजूनं धावायचा, मैदानावर फारसा बोलायचा नाही. पण टेबलावर पालथा झोपवून पोटऱ्यांवरून हात फिरवायला लागलं की सुरू व्हायचा, आणि विषय एकच.

त्यांच्या गावात मंगळवारी कुणी समुद्रात जात नाही. त्या दिवशी समुद्राला विश्रांती असते, जाळं टाकलं तर तो रागावतो, असं जुनी माणसं मानतात. म्हणून होड्या वाळूवर ओढायच्या, जाळी दुरुस्त करायची आणि ऊन कललं की फुटबॉल खेळायचा. कोफीचा आजा त्या पहिल्या खेळणाऱ्यांपैकी. आधी एका होडीची माणसं विरुद्ध दुसऱ्या होडीची. मग एकदा सगळे मिळून शेजारच्या गावाकडून हरले, आणि त्या हरण्यातून क्लब झाला. मासे धुरावर वाळवणाऱ्या बायकांनी पहिल्या जर्सी शिवून दिल्या. त्या जर्सींना कायम धुराचा वास यायचा. बाहेरगावची पोरं नाक धरून दाखवायची. तर यांनी तेच निशाण करून टाकलं — छातीवर धुराची भट्टी. पुढे शाळेतले एक शिक्षक कोच झाले, कोफी त्यांना मास्टर म्हणायचा. मास्टरांच्या हाताखाली क्लब जिल्ह्यात जिंकला, वरच्या विभागात गेला. एकदा तर शहरातल्या नावाजलेल्या संघाला त्यांनी आपल्या वाळूत हरवलं. त्या दिवशी गावातल्या बायका भट्ट्या विझवून मैदानावर आल्या होत्या. हे सांगताना कोफी उठूनच बसायचा. मी त्याला पुन्हा आडवा करायचो.

मैदान मात्र क्लबाचं नव्हतं, गावच्या प्रमुखाचं होतं. किनाऱ्यावर हॉटेल बांधायला कुणीतरी मागे लागला होता. प्रमुखानं मास्टरांना मुदत दिली होती — तुम्ही विकत घेतलंत तर तुमचं, नाहीतर हॉटेलचं. आणि त्या क्लबाकडे विकण्यासारखी एकच गोष्ट होती. कोफी. आमच्या क्लबानं त्याच्या बदल्यात थोडे पैसे आधी पाठवले होते, बाकीचे तो हंगामभर खेळल्यावर जायचे होते.

मी कुठे येतोय, ते तुम्हाला कळलं असेल. मलाही कळतंय, तरी मी बाजूला सरकतो. तुम्हाला सांगावंसं वाटतं की तो वादी कबीर भागातल्या आमच्या घरी यायचा. संगीताचा ठेचा भाकरीबरोबर मागून घ्यायचा, "आमच्याकडेही मिरची अशीच कुटतात," म्हणायचा. माझ्या मुलीशी इंग्रजीत तासन्‌तास भांडायचा. हे सांगून काय बदलतं? काही नाही. उलट मी जास्त वाईट दिसतो. दिसू दे.

आमचा मॅनेजर ओमानी होता, मवाळ माणूस, माझ्याशी छान हिंदीत बोलायचा. मी त्याच्यावर काही ढकलणार नाही. एकदा तो हसत एवढंच म्हणाला होता, "तुम्ही फार जणांना बसवून ठेवता. पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघावा लागेल बहुतेक." थट्टा होती? असेलही. मी ती घरी घेऊन आलो आणि मनात ठेवली. क्लबातलं काम गेलं असतं तर आम्ही उपाशी राहिलो नसतो. पण तिथे मला मान होता. खेळाडू डॉक म्हणायचे, सामन्याच्या वेळी मी बाकावर मॅनेजरच्या शेजारी बसायचो. मला ते सोडायचं नव्हतं. इतकंच होतं. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी कोफी माझ्या खोलीत आला. बाकी कुणी नव्हतं.

"डॉक, गुडघा अडकतोय. वाकवला की आत काहीतरी सरकतं."

मी त्याला आडवा केला, पाय वाकवून हळूच फिरवला. आत कट्‌ झालं. त्यानं ओठ आवळले. गुडघ्यातली गादी फाटली असणार, हे माझ्या बोटांना तेव्हाच कळलं. एमआरआय करायला हवा होता. निदान 'उद्या हा नाही' एवढं तरी मॅनेजरला सांगायला हवं होतं.

मी टेपचा रोल काढला.

"खेळता येईल?" त्यानं विचारलं.

"येईल. फारच दुखलं तर हात वर कर. मॅनेजरला आता सांगत बसू नकोस."

त्यानं मान हलवली. माझ्यावर त्याचा विश्वास होता — हे वाक्य लिहून मी बराच वेळ तसाच बसलो.

पहिल्याच हाफमध्ये तो पडला. कुणी धक्काही दिला नव्हता. वळला आणि खाली बसला, लहान मूल बसतं तसा. लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. आणि स्कॅनच्या रिपोर्टमध्ये स्पष्ट आलं की गादीची इजा सामन्याच्या आधीची आहे. मग जो प्रश्न यायचा तो आला. मॅनेजरनं आम्हा दोघांना बोलावलं. कोफी कुबड्या मांडीवर आडव्या धरून बसला होता.

"यानं आधी तुम्हाला सांगितलं होतं?" मॅनेजरनं मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

कोफीनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल मला प्रश्न नीट समजला नाही. "मी सांगितलं होतं," तो मॅनेजरला म्हणाला. "यांच्या खोलीत. यांनीच टेप बांधली."

मॅनेजर पुन्हा माझ्याकडे वळला. म्हणजे मला आणखी एक संधी होती. किती जणांना मिळते?

"टेप मी सगळ्यांनाच बांधतो, सर. हा मला काही बोलला नव्हता."

"खलास," मॅनेजर म्हणाला. दुःखानंच म्हणाला. खेळाडूनं दुखणं लपवलं तर करार रद्द, असं कागदावर होतंच. न लपवता जखमी झाला असता तर उरलेले पैसे त्याच्या क्लबाला गेले असते; आता जाणार नव्हते.

त्याला विमानतळावर सोडायला मीच गेलो. का गेलो? मॅनेजरला वाटावं, माणूस चांगला आहे. रस्त्यात कोफीनं कुबड्या मागच्या सीटवर सरकवल्या. मग म्हणाला, "मास्टर माझं ऐकत नाहीत. ते म्हणतात, डॉक्टर कशाला खोटं बोलेल? तुम्ही त्यांच्याशी एकदा बोला. इथे कुणाला सांगू नका. फक्त त्यांना."

बघा — मला वाचवणारी वाट त्यानंच शोधून दिली होती. त्याला पैसे नको होते, नोकरी परत नको होती. गावात खोटा ठरू नये, एवढंच हवं होतं.

त्यानं फोन लावला, स्पीकरवर. म्हाताऱ्या माणसाचा सावकाश, अदबशीर आवाज. "डॉक्टर, मुलगा म्हणतो की त्यानं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

माझ्या डोक्यात काय आलं? की हा माणूस मॅनेजरला कळवेल. बस, एवढंच आलं.

"सॉरी, मास्टर," मी म्हटलं. "मला काही माहीत नव्हतं."

पलीकडून ते म्हणाले, "थँक यू, डॉक्टर." कोफीनं फोन बंद केला. टर्मिनलसमोर मी बॅग उचलायला गेलो तर त्यानं ती माझ्या हातातून काढून गळ्यात अडकवली आणि कुबड्यांवर आत निघून गेला. तो चिडला असता तर मी काही तरी बोललो असतो. तो चिडला नाही.

पुढे संगीतानं दोन-चारदा विचारलं, "तुमचा कोफी फोन करत नाही का हो?" मी म्हटलं, ही पोरं अशीच, गेली की विसरतात. हे आणखी एक. दर पौर्णिमेला आम्ही काही कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमतो, पंचशील ग्रहण करतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी तेही सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणतो. माझा आवाज कधी अडखळत नाही.

मागच्या वर्षी क्लिनिकमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी त्या गावाचं नाव फोनवर शोधलं. एक व्हिडिओ निघाला. एक म्हातारा लांबलचक भिंतीजवळ उभा होता, भिंतीमागे हॉटेलच्या खोल्या. मी चेहरा कधी पाहिला नव्हता, आवाज ओळखला. मास्टर इंग्रजीत क्लबाचा इतिहास सांगत होते. मंगळवार, होड्या, बायकांनी शिवलेल्या जर्सी. पुढचं वाक्य काय येणार ते मला आधीच माहीत असायचं. फक्त शेवट मी ऐकलेला नव्हता. ते म्हणाले, "आमच्याच मुलानं तिकडे दुखणं लपवलं, आणि मैदान गेलं. मैदान गेल्यावर पोरं पांगली." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. इतिहास सांगावा तसं सांगितलं. खाली कुणीतरी विचारलं होतं, तो मुलगा सध्या कुठे असतो? दुसऱ्यानं लिहिलं होतं, लोक बोलायचे म्हणून गाव सोडून गेला, त्याच्या आईनंही भट्टी बंद केली.

त्या क्लबाच्या इतिहासातलं शेवटचं वाक्य माझं आहे. कोफीनं मला सांगितलं होतं. मी त्याला खेळायला लावलं, आणि तीनदा विचारल्यावर तीनदा नाही म्हणालो.

व्हिडिओखाली लिहायला जागा होती. मी 'मास्टर' एवढं टाईप केलं आणि पुसलं. मग बाहेर थांबलेल्या पेशंटला आत बोलावलं. तिथे मी अजूनही काही लिहिलेलं नाही. लिहिलं ते इथे, मराठीत. त्या गावात मराठी वाचणारं कुणी नाही, हे मला ठाऊक आहे.