मेमरीचं एकच लॉक

पुण्याच्या साहेबांनी सरळ सांगितलं होतं, हे काम जमलं तर चिकलठाण्याचं तुमचं दोन माणसांचं ऑफिस राहील, नाही तर पुण्याला या. मला पुणं नको होतं. आईची नजर गेलीय. या घरात ती एकटीनं चहा करते, गच्चीवर जाते. नव्या घरात नुसती बसून राहिली असती.

काम असं. एका मोठ्या सर्व्हरवर आमचं व्हर्च्युअल मशीन चाले आणि त्याच्या साऱ्या मेमरीला एकच लॉक. कुणाला जरा जागा लागली की त्यानं लॉक घ्यायचं, बाकीच्यांनी ताटकळायचं. प्रोसेसर वाढवले की कामाऐवजी रांगच वाढायची. म्हणून मी आणि शेजारच्या टेबलावरचे भाई, आम्ही मेमरीचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं लॉक दिलं. मशीन असं पळालं की मी खुर्चीतच नाचले. आणि मग ठप्प! ना एरर, ना काही. लई डोकं फिरलं माझं. भाईंना म्हटलं, घोळ तुमच्याच कोडात आहे. ते शांतपणे म्हणाले, तुमच्याही असेल.

तणतणतच जेवायला बसले. आमची रोजची रीत अशी की पाहुण्यानं आधी घ्यायचं, आणि दोघंही समोरच्यालाच पाहुणा समजणार. माझ्या हातात पोळ्यांचा डबा, त्यांच्या हातात खलियाचा, म्हणजे मटणाच्या रश्श्याचा. त्यांनी पोळी घेतल्याशिवाय मी खलिया घेईना, मी खलिया घेतल्याशिवाय ते पोळी घेईनात. पोटात कावळे ओरडत होते.

“भाई,” मी म्हटलं, “मशीनमध्ये हेच चाललंय.”

एका तुकड्यातलं पान, म्हणजे मेमरीचा छोटा कप्पा, दुसऱ्यात हलवायचं तर दोन्ही लॉक लागतात. माझा कोड आधी निघायच्या जागेचं घेई, त्यांचा आधी पोचायच्या जागेचं. मग दोघं एकेक धरून दुसऱ्यासाठी अडून बसत. ज्या तुकड्याचा पत्ता लहान, त्याचं लॉक आधी, असा नियम केला आणि गाडं सुटलं.

साहेब फोनवर खूश. म्हणाले, एवढं जमतंय तर पुण्यालाच या, मोठी जागा देतो. सणकच गेली डोक्यात. शब्द दिलाय तो पाळा, असं तोंडावर सांगितलं. ते हसले आणि कबूल झाले.

घरी आले तर दाराशी आईची पिशवी भरलेली. मी तिला काहीच बोलले नव्हते, माझे फोन तिनं ऐकले असणार. ही कशाला भरलीस, म्हणून तिच्यावरच ओरडले.

“येते मी पुण्याला. तुझं काम माझ्यापायी अडायला नको,” ती म्हणाली.