खडूची रेघ

सुधाकर शेवाळेचा ट्रक हावड्याला लागला की तो आधी मला फोन करायचा. दहा वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकाशी मी मराठीत पुटपुटत साखळी बांधत होतो. हा आकडा असा उलटा का लावलात, असे त्याने मराठीत विचारले. तेव्हापासूनची ओळख. मी कोलकात्याच्या गार्डन रीचला जहाजबांधणीत एकतीस वर्षे जड माल उचलायचे आणि बांधायचे काम केले. फुकट कौतुक मला जमत नाही. सुधाकरची बांधणी चांगली होती.

तो सिन्नरचा. नाशिकहून यंत्रे घेऊन यायचा, साडेसतराशे किलोमीटर. देवरीची सीमा ओलांडली की मराठी संपते, मग तोंडाला विश्रांती, असे म्हणायचा. रस्त्यावर अर्धपोटी जेवायचे, डोळा जड झाला की गाडी बाजूला घ्यायची. याहून जास्त तत्त्वज्ञान विचारले तर तो टायर ठोकून बघायला निघून जायचा. पण रस्त्यावर तो सुखात होता, ते बोलण्यातून कळायचे.

त्याची एक रीत होती. माल चढला की यंत्राच्या चारही पायांभोवती फळ्यांवर खडूने रेघ मारायची. इथे ताडपत्री काढली की पाय रेघेत आहेत का ते बघायचे. मालकाने तसे सांगितले नव्हते.

गेल्या वर्षी त्याला एकोणसाठावे लागले. मुलगी सुनीती इथेच न्यू टाउनमध्ये नोकरीला. तिने डानकुनीजवळच्या एका गोदामात त्याच्यासाठी काम बघितले. खुर्चीत बसायचे आणि कुठली गाडी कुठे पोचली ते पडद्यावर बघायचे. त्याला ते नको होते. बाप घाटात असताना तिला जेवण जात नसे. शेवटी त्यानेच अट घातली. या खेपेला पाय रेघेबाहेर गेला तर मी गाडी सोडतो. नाही गेला तर आणखी तीन वर्षे हा विषय काढायचा नाही. रेघ मारायला लागल्यापासून अकरा वर्षांत पाय हलला नव्हता, म्हणून अट सोपी वाटली असावी.

रविवारी सकाळी आम्ही तिघे हावड्याच्या कारखान्यात होतो. सुनीती खाली उभी, मी आणि सुधाकर वर. ओडिशातल्या केओंझरच्या उतारावर वासरू आडवे आले, जोरात ब्रेक मारावा लागला, हे त्याने आधीच सांगितले होते. ताडपत्री काढली. तीन पाय रेघेत. मागचा डावा बोटभर बाहेर.

यंत्राला काही झाले नव्हते. खालून सुनीतीला ते दिसत नव्हते. चपलेने रेघ पुसता आली असती. मी हळूच म्हणालो, "बोटभरच आहे. एवढं आमच्याकडे चालायचं."

"तुमची जहाजं पाण्यात हलायचीच, दादा," तो म्हणाला. मग खाली वाकला. "सुनीती, वर ये. रेघ बघ."

ती साखळी धरून चढली. हाताला ग्रीस लागले. तिने बराच वेळ बघितले.

"बाबा, मी हे धरणार नाही. वासरू आलं होतं ना."

"मी धरणार आहे."

मग त्याने एवढेच सांगितले, की पडद्यापुढे बसणार नाही. माल चढतो तिथे उभा राहीन. तिने तिथूनच गोदामाच्या साहेबांना फोन लावला आणि ते कबूल झाले.

आता आठ महिने झाले. मध्यंतरी मी गोदामात गेलो होतो. एका ड्रायव्हरला त्याने साखळी सोडून पुन्हा बांधायला लावली होती. तो ड्रायव्हर वैतागलेला, तरी बांधत होता. तिथले बंगाली लोक सुधाकरला चॉकदा म्हणतात, म्हणजे खडूदादा. खिशात खडू असतो. अंग थोडे सुटले आहे, डबा सुनीती देते.

रस्त्याची आठवण येते का, असे विचारले. येते म्हणाला, पण रोज वीस गाड्या माझी रेघ घेऊन जातात.

त्याने बांधलेली एक साखळी मी दोन्ही हातांनी ओढून बघितली. ढिली नव्हती.