चाल पाहून यंत्र घेणारे साडभाऊ

बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडभाऊ, यांच्याइतक्या थाटात चुकीचा निर्णय घेणारा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघालाही अजून भेटलेला नाही. धंदा बांधकामाचा, पण नजर बैलबाजारातली. काहीही घ्यायचं तर आधी ते चालवून मागून बघायचं. स्कूटर घेताना दुकानदाराला ती ढकलत रस्त्याच्या टोकापर्यंत न्यायला लावली. मुलीला बघायला आलेल्या मुलाला चहाआधी अंगणात फिरवून आणलं आणि आत येऊन सांगितलं, "पोरगा बरा हाय, पण डाव्या पायावर भार देते. आळशी निघन." जावई दुपारी झोपतो हे खरं. त्यामुळे साडभाऊंचा स्वतःवरचा विश्वास फार वाढला, आणि तिथेच घात झाला.

त्यांचा धाकटा भाऊ धंद्यात बरोबरीने होता. दोघे एका ताटात जेवत आणि एकाच फोनवरून लोकांना थापा मारत. त्यांना भामरागडच्या बाजूला एका आश्रमशाळेचं वसतिगृह बांधायचं काम मिळालं. वरच्या मजल्यावर विटा-सळ्या चढवायला यंत्र हवं होतं. एक होता खडबडीत जमिनीवर चालणारा, मोठ्या चाकांचा फोर्कलिफ्ट. तो ओझं सरळ वर उचलतो. दुसरा टेलिहँडलर, त्याचा हात हत्तीच्या सोंडेसारखा पुढे लांब होतो. साडभाऊंनी दोन्ही यंत्रांना कापणी झालेल्या धानाच्या बांधीतून चालवलं. फोर्कलिफ्ट मुकाट्याने चालला. टेलिहँडलरने ओझ्यासकट हात पुरा लांब केला, तशी त्याची धोक्याची घंटी वाजू लागली.

"पाहा, भेलं ते," साडभाऊ म्हणाले. "भेणारं जनावर घरी आणू नये."

"भेलं नाई भाऊ, इशारा देऊन राह्यलं," धाकटा म्हणाला. "हात जेवढा लांब, तेवढं वजन कमी घ्या लागते. अन् आपल्याले लांबच जाचं हाय. भिंतीच्या पुढं मोहाचं झाड हाय ना."

"झाडाचं पाहून घेऊ."

फोर्कलिफ्ट आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि तो मोहाच्या झाडापाशी जाऊन जो थांबला तो थांबलाच. त्याला भिंतीला चिकटून उभं राहायचं होतं; मध्ये झाड. साडभाऊंनी कुऱ्हाडीचं नाव काढताच गावातली एक म्हातारी बुंध्याला टेकून बसली. म्हणाली, "माह्या सासूनं याची फुलं वेचली. तुहं गाडं दुसरीकडून ने." दुसरीकडे नाला होता. मजुरांनी डोक्यावरून विटा वाहिल्या, पावसाळा आला, काम अर्धवट राहिलं आणि काढूनही घेतलं गेलं. मग धाकट्याने ते स्वतःच्या नावावर घेतलं, टेलिहँडलर आणला, आणि झाडाच्या अलीकडे उभं राहून फांद्यांखालून हात घालत स्लॅबपर्यंत सामान पोचवलं. म्हातारी टाळ्या वाजवत होती म्हणे. साडभाऊंना झाडाने अडवल्याचं दुःख नव्हतं. भावाचं बरोबर निघालं, हे मात्र त्यांना कधीच पचलं नाही. चूल वेगळी झाली, ताट वेगळं झालं. दिवाळीला आता दोन्ही घरी स्वतंत्र रुसवे असतात आणि फराळ मला दोनदा खावा लागतो.

फोर्कलिफ्ट त्यांच्या अंगणात उभा आहे. त्याच्या ओझं उचलायच्या दोन काट्यांवर माझी मेहुणी मिरच्या वाळवते. यंत्राचा एवढा चांगला उपयोग त्या घरात पहिल्यांदाच होतोय.

परवा आम्ही जेवायला बसलो होतो. रस्त्यावरून धाकट्याचा टेलिहँडलर गेला. तो स्वतःच चालवत होता. साडभाऊ उष्ट्या हाताने फाटकापाशी गेले आणि सवयीने मागून बघत राहिले.

"चाल चांगली हाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मागचं डावं चाक दबून राह्यलं. हवा कमी हाय. सांगा त्याले."

"तुम्हीच सांगा ना, भाऊजी," मी म्हणालो.

"माहं काऊन ऐकन तो? मी तरी कुठी ऐकलं त्याचं?"

यंत्र वळणाआड गेलं. मी हाक मारली, मेहुणीने हाक मारली. हातावरचं वरण वाळलं तरी ते तिथेच उभे होते.