तिरडी सरकारची, बोंब माझी

गिरगावच्या वाडीत यंदाच्या शिमग्याला माझ्या नवऱ्याचं गाणं म्हणणार, असा नणंदेचा निरोप आला आणि मी जायचं ठरवलं. काळाचौकीच्या आमच्या चाळीत शेजारीण म्हणाली, "विधवा बाईनं शिमगा बघायला जायचं?" म्हटलं, शिमगा म्हणजे काय हळदीकुंकू आहे?

वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांत लोक काशीला नाहीतर विलायतेला जातात. माझा प्रवास काळाचौकी ते गिरगाव.

हे गिरणीत होते. शिमगा आला की घासलेटचा रिकामा डबा गळ्यात अडकवून नवं गाणं रचायचे. चाळमालकावर, नळावर, शेवटच्यात तर सरकारबरोबर माझ्या घोरण्यावरही एक कडवं. दोन वर्षांमागे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात यांना गोळी लागली. प्रेत घरी आलं नाही, पोलिसांनी परस्परच जाळलं. अग्नी देणारा पालथा हात तोंडावर मारून बोंब मारतो, ती यांच्या चितेपुढे कुणी मारलीच नाही. ते मला अजून टोचतं.

कुणाला जायचं असेल तर सांगते, जुनं लुगडं नेसा आणि ट्राममध्ये कडेला बसू नका. भायखळ्याच्या पुढे चिखलाचा गोळा येतोच. मला बसला, कंडक्टरलाही बसला. तिकिटाचं भाडं आण्यांत सांगायचं आणि नव्या पैशांत घ्यायचं, त्यावरून निम्मी ट्राम भांडत होती.

शालू, माझी नणंद, पुरणपोळी करून वाट पाहत होती. "खा गो वयनी. रागान पोट भरना नाय."

"राग कुठे आलाय अजून?"

"येतलो. नानांनी गाण्याक हात लावलो हा."

नाना म्हणजे वाडीतले मास्तर. दिवेलागणीला सरकारची तिरडी निघाली. गोणपाटाचा साहेब, डोक्यावर हॅट, गळ्यात सुक्या बोंबलांची माळ. पुढे थाळ्या, पिपाण्या, सायकलची घंटा, फुटका कर्णा. मला हसू आलं. तेवढ्यात नानांनी हात वर करून सगळं बंद केलं आणि पेटी घेतली. यांची ठेक्याची चाल कीर्तनासारखी संथ केलेली. माझ्या घोरण्याचं कडवं काढून तिथे 'धन्य ती वीरपत्नी' घातलेलं.

माझे कान तापले. पुढे होऊन विचारलं, "नाना, हे गाणं कुणाचं?"

"आपल्याच यजमानांचं, ताई. जरा शुद्ध करून घेतलंय."

"शुद्ध करायला ते काय तूप होतं? टवाळ माणूस तो. मोर्चालाही डबा वाजवत गेला."

"पण ताई, हुतात्म्याची थट्टा शोभत नाही."

"थट्टा त्यांनीच केली. तुम्हाला विचारून केली नव्हती."

तिरडी होळीवर चढवली, गोणपाट पेटलं. एरवी या वेळी सगळी वाडी बोंब मारते. आज सगळे नानांच्या तोंडाकडे बघत उभे. आग समोर आणि बोंब नाही, हे दुसऱ्यांदा मला सोसवेना. मी पालथा हात तोंडावर मारला.

बाईमाणसाची बोंब ऐकून शालूनं माझा दंड धरला. "वयनी! कोणाच्या नावान गो?"

लग्नानंतर उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव मी घेतलं नव्हतं.

"दत्तारामच्या!"

मग शालूनं दंड सोडला आणि तिनंही हात तोंडावर मारला. मागून थाळ्या सुरू झाल्या, कर्णा फुटक्या आवाजात ओरडला. नाना पेटी मिटून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर ओठ सुजलेला, चहाही पिववेना. राग उतरलेला नाही. वाडीत पुढच्या वर्षीही कुणीतरी गाणं धुऊन पुसून ठेवील, वीर म्हणून हार घालील आणि माझा माणूस त्यात कुठेच नसेल. पण एक काम राहिलं होतं, ते झालं.

आता आमच्या चाळीतल्या बायकांना मी ते गाणं जसंच्या तसं शिकवते आहे, डब्याच्या ठेक्यावर.

शेजारीण म्हणाली, "अगं, घोरण्याचं कडवं तरी गाळ. स्वतःचंच हसं करून घेतेस?"

म्हटलं, "तेच आधी पाठ कर. माझं घोरणं ऐकलेला तो एकच माणूस होता."