पद्मा आणि गोड सांबार

रविवारी सकाळी साडेसहाला बेंगळुरात, कोरमंगलातल्या आमच्या पीजीखाली स्कूटरचा हॉर्न तीनदा वाजला की मजल्यावरची सगळी पोरं मला शिव्या घालत कूस बदलायची. मी एका पायात बूट घालून जिना उतरत असायचो. खाली हेल्मेट घातलेली पद्मा घड्याळ बघत उभी. "स्वल्प लवकर रे! पहिल्या वाफेची इडली गेली की आता."

आम्ही दोघं व्हाइटफील्डच्या एकाच ऑफिसात. मी नाशिकहून आलेला, नवा. ती जयनगरची. तिचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, त्यांच्याबरोबर मराठीही आली आणि इथे तिला कानडीची चटक लागली. पहिल्यांदा तिचं बोलणं ऐकून मला हसू फुटलं, तर म्हणाली, "हसू नको. तुझी अर्धी इंग्लिश, माझी अर्धी कन्नड. दोघांची मिळून एक मराठी होईल की." मी तिथेच गारद झालो.

तिच्या रविवारचे कायदे कडक होते. एका ठिकाणी पोटभर खायचं नाही. एकच प्लेट, दोघांत. खायचं उभ्यानं, दर्शिनीत, म्हणजे जिथे खुर्च्या नसतात आणि उंच टेबलाशी अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून खावं लागतं. जयनगरला इडली, पुढच्या चौकात लोण्यात भिजलेला बेण्णे दोसा, तिसरीकडे खारा भात, म्हणजे नावाला भात, खरा रव्याचा तिखट उपमा. एकदा नंदी हिल्सचा सूर्योदय बघायला निघालो आणि पायथ्याच्या आधीच एका टपरीवर वाफ दिसली म्हणून थांबलो. सूर्य कधी वर आला ते कळलंच नाही. मी हळहळलो तर म्हणते, "डोंगर कुठे पळतोय? इडली संपते." तिच्यामागे बसून भरल्या पोटी परत येताना मला उगाचच मोठ्यानं गावंसं वाटायचं. मी गायचोही. सिग्नलला लोक बघायचे.

एकच खोट होती. बेंगळुरात सांबारात गूळ घालतात. माझी जीभ नाशिकची, मिरचीवर पोसलेली. पण पहिल्याच रविवारी "कसं आहे?" असं तिनं इतक्या आशेनं विचारलं की मी "अप्रतिम" म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून ती स्वतःची वाटीही माझ्याकडे सरकवायची. आठ महिने मी दोन-दोन वाट्या गिळत होतो.

दरम्यान लग्नाचा विषय निघाला. ती सरळ म्हणाली, "अण्णांनी हो म्हटलं तरच. ते तुला एकदा बघतील. कधी ते मलाही सांगणार नाहीत. सांगून बघितलं की माणूस खरं बोलत नाही, म्हणतात." तिचे वडील मला माहीत होते ते फक्त तिच्या बोलण्यातून. मी रोज दाढी करायला लागलो.

एका रविवारी पद्मा कॉफीच्या रांगेत होती. माझ्या टेबलाशी एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ वडा घेऊन आले. आमचं मराठी त्यांनी ऐकलं असावं. "सांबार घ्या की," म्हणाले. पद्मा लांब आहे असं बघून मी मन मोकळं केलं. "काका, हे सांबार आहे की पाक? आठ महिने गिळतोय. तिचा चेहरा पडेल म्हणून बोलत नाही."

तेवढ्यात कॉफीचे दोन पेले घेऊन पद्मा आली आणि जागीच थिजली. "अण्णा?"

माझ्या हातातला घास वाटीत पडला. अण्णांनी शांतपणे तोंड पुसलं. "पद्मा, पोरगा चांगला आहे. मला चालतो. सांबारातलं तेवढं काही कळत नाही." मी आनंदानं उडी मारणार, तर पद्माचे डोळे भरलेले. "आठ महिने मी माझी वाटी तुला दिली! मला किती आवडतं माहितीय? आज सांबारात खोटं, उद्या कशात?" पेले ठेवून ती निघून गेली. वडिलांनी होकार दिला आणि मुलीनं नकार, तोही एकाच मिनिटात. अण्णा म्हणाले, "कॉफी घ्या. आता दोन्ही आपल्यालाच."

पुढचे दोन रविवार हॉर्न वाजला नाही. ऑफिसात ती कामापुरतंच बोलायची. पीजीतली पोरं खूश होती. मला झोप लागत नव्हती.

तिसऱ्या रविवारी साडेसहाला मीच रिक्षा करून जयनगरला तिच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. ती बाहेर आली, हाताची घडी घालून. "बोल."

"मला गोड सांबार आवडत नाही."

"अजून?"

"तू वळणावर ब्रेक लावत नाहीस. मी डोळे मिटून घेतो."

"अजून?"

"रविवारी पहाटे उठायला अजिबात आवडत नाही."

तिच्या ओठांचा कोपरा हलला. "अजून?"

"गेले दोन रविवार. इतकं वाईट मी या गावात काहीच खाल्लेलं नाही."

तिनं हाताची घडी सोडली. मग आत गेली. मला वाटलं, संपलं. दोन हेल्मेटं घेऊन बाहेर आली, एक माझ्या डोक्यावर दाबून बसवलं आणि किक मारली.

"बस. आता आवडतं काय काय, ते सांग. मैसूर रोडनं जाऊ, लांब आहे."