अखजीची दुसरी घागर

नव्या घागरीतल्या वाळ्याचा वास आला की मला लॉकडाऊनमधली अक्षय तृतीया, आमची अखजी, आठवते. यवतमाळचं ऊन सकाळीच तापलं होतं आणि मी अंगणात वारलेल्या वडिलांच्या नावानं पाण्याची घागर भरली होती. माडीवर घानाहून बोंडअळीचा अभ्यास करायला आलेला भाडेकरू एकटाच अडकला होता. शेतकऱ्यांत राहून तो वऱ्हाडी बोलायला शिकला होता. तिकडे त्याचे वडील वारले आणि इकडे विमानं बंद. तांब्या घेऊन तो जिना उतरला. "काकाजी, मले थोडी माती पायजे. आमच्याकडे नाव घेऊन मातीत पाणी सोडतेत. बापाले पाणी देतो." मी जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. "तुयी करणी माह्या अंगनात नको! वरतच राह्य." दाराआडून त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. "मंग तुमीच द्या, काकाजी." मी घरात निघून गेलो. रोगाच्या भीतीनं तोच खाली उतरत नसे, असं मी गल्लीत सांगत आलो. ते खोटं आहे. आता अखजीला मी दोन घागरी भरतो. पहिलीजवळ वडिलांचं नाव घेतो. दुसरीजवळ नुसता उभा राहतो, कारण ते नाव मी तेव्हा ऐकूनच घेतलं नाही.