बेबीनंदाची चिकटपट्टी

हातात पोछा असलेल्या बाईकडं कोणी बघत न्हाई, म्हून तिला सगळं दिसतं. मी चांगुणाबाई. जालन्यातल्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची फरशी पुसायला लागून मला सतरा वर्षं झाली. बेबीनंदा सिस्टरचं मी सांगते, कारण ज्यांनी सांगायला पायजे व्हतं त्यांच्या तोंडाला कुलूप हाय.

बेबीनंदा पिंपळगाव रेणुकाईची. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, पण बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांची फळी व्हती अन् पोरगी शिकली पायजे म्हणजे शिकलीच पायजे. नर्सिंग करून ती मह्या पाच वर्षं आधी या दवाखान्यात आली अन् दुर्बीण तिच्या ताब्यात आली. ही दुर्बीण म्हणजे हातभर लांब, बोटाएवढी जाड नळी. पोटाला तीन-चार बारीक भोकं पाडून एकातून आत घालायची, मंग डॉक्टर टीव्हीवर बघून ऑपरेशन करतो. ती उकळता येत न्हाई, काच जाते. म्हून एका पेशंटची झाली की धुवायची अन् दुसऱ्याच्या आधी औषधाच्या पाण्यात पुरा एक तास बुडवून ठेवायची, तवा जंतू मरतात.

बेबीनंदा ट्रेवर झाकण ठेवायची अन् त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून पेनानं लिहायची, घातली किती वाजता, काढायची किती वाजता. ती पट्टी निघेपर्यंत झाकणाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. एकदा एका डॉक्टरनं कुरकुर केली तर म्हणाली, "सर, घाई तुमच्या घड्याळात असंल, माझ्या पट्टीत न्हाई." सगळे हसले, तोही हसला. बेबीनंदाची पट्टी निघाल्याशिवाय जालन्यात पित्ताचा खडा निघत न्हाई, असं आमच्यात म्हणायचे.

ती पट्टी तिनं एकदा आधी काढली. एकाच दिवशी.

आमचे सर्जन राधेश्याम सर दुर्बिणीनं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेचे सेक्रेटरी. संघटनेचं काम वाईट हाय असं मी म्हणणार न्हाई, खोटं कशाला बोलू? पूर्वी खड्याच्या ऑपरेशनला वीतभर पोट फाडायचे, बाई दीड महिना खाटेवर. आता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. हे गावोगाव सांगितलं ते या संघटनेनंच. फुकट कॅम्पही घेतले. पण कॅम्प आला की यांच्या अंगात आकड्यांचं वारं शिरतं. औंदा किती, मागच्या साली किती, पेपरात फोटो कोणाचा मोठा.

अडीच वर्षांमागं असाच कॅम्प व्हता. एका दिवसात अकरा पेशंट अन् दुर्बिणी दोन. त्यात बेबीनंदानं आपल्या भावाची, पुंजारामची पोरगी आणल्ती, अक्षता. तिचं अपेंडिक्स सारखं दुखायचं. पोलीस भरतीची तयारी करून राह्यली व्हती, पहाटे गावाच्या रस्त्यावर पळायची. आत्यानं सांगितलं, "भिऊ नको, मी हाय ना तिथं." आत्या व्हतीच तिथं. सर म्हणाले, "सिस्टर, कॅम्प आहे. पंधरा मिनिटं पुरे." अन् त्या दिवशी दर पेशंटला बेबीनंदानं पट्टी पंधरा मिनिटांत काढली. मीबी तिथंच पोछा घेऊन उभी व्हते. मला कळत व्हतं, पण मी फरशी पुसत राह्यले. हा राग मला मह्यावरबी हाय.

महिनाभरानं अक्षताची तिन्ही भोकं पुन्हा उघडली. पाणी झिरपायचं, बंद व्हायचं, पुन्हा झिरपायचं. अकरा महिने गोळ्या अन् इंजेक्शनं. अकरातल्या आणखी चौघांचं तसंच झालं. सरांनी त्यांच्या कागदावर काय लिहावं? पेशंटने जखमेची स्वच्छता ठेवली नाही. लाज वाटायला पायजे व्हती लिहिताना. भरतीच्या दिवशी अक्षता पोटाला पट्टी बांधून घरी पडली व्हती, अन् पुढच्या भरतीला वय निघून गेलं.

बेबीनंदा पिंपळगावला गेली अन् भावासमोर, भाचीसमोर सांगून आली, "दुर्बीण मी काढली. माझ्या हातानं." तिला कोणी विचारलं नव्हतं. गप बसली असती तर खपलं असतं, बाकीच्यांचं खपलंच की. तवापासून अक्षता तिच्याशी बोलत न्हाई. पुंजाराम दारात जयभीम घालतो, आत ये म्हणत न्हाई.

मंग आला औंदाचा जानेवारी. संघटनेचं अधिवेशन. मंगल कार्यालयात मोठा पडदा, समोर दोनशे डॉक्टर, अन् आमच्या थिएटरातून ऑपरेशनं तिकडं थेट दिसणार. पुण्याचे एक मोठे सर्जन ऑपरेशन करायला आल्ते. बोलायला थिएटरात माईक, इकडचं तिकडं अन् तिकडचं इकडं ऐकू यायचं. सहा पेशंट ठरले व्हते. चौथ्याला एका दुर्बिणीची काच तडकली. उरली एक.

पाच झाले. सहावी पुष्पाबाई, धावड्याची शेतकरी बाई, पित्ताचे खडे. टेबलावर पडल्या पडल्या मला विचारत व्हती, "मावशी, टीव्हीत मी दिसन का?" बेबीनंदानं तीनला दुर्बीण पाण्यात घातली, पट्टीवर लिहिलं, काढायची चार वाजता.

सव्वातीनला राधेश्याम सर आले. "सिस्टर, द्या. पुण्याच्या सरांना संध्याकाळची गाडी आहे, हॉल थांबलाय."

"चारला देते, सर."

"मी जबाबदारी घेतो."

बेबीनंदा ट्रेच्या पुढं येऊन उभी राह्यली. मंग म्हणाली, "मागच्या वेळची घेतली का तुम्ही?"

सरांचं तोंड लाल झालं. त्यांनी स्वतः हात घालून पट्टी टरकन ओढली. बेबीनंदानं झाकणावर दोन्ही तळवे दाबले अन् भूलवाल्या डॉक्टरला म्हणाली, "भूल देऊ नका." त्यानं खरंच सुई खाली ठेवली. मंग तिनं मान वळवून माईककडं तोंड केलं. आवाज जरासुद्धा चढवला न्हाई.

"मी बेबीनंदा, थिएटरची सिस्टर. दुर्बीण अजून पाऊण तास पाण्यात राहणार हाय. कॅम्पात मी ती पंधरा मिनिटांत काढल्ती. पाच जणांची पोटं वर्षभर झिरपली. त्यात माझी भाची व्हती. तुम्ही सगळे शिकलेले हायेत. थांबायचं का न्हाई ते तिकडून सांगा."

तिकडून कोणा म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईचा आवाज आला, "कोणत्या कॅम्पातले पेशंट?" पुढचं ऐकूच आलं न्हाई, कारण सरांनी माईक बंद केला. हॉलमधी सांगितलं म्हणे, तांत्रिक अडचण. पुण्याचे पाहुणे गाडीला गेले. पाऊण तास बेबीनंदानं हात उचलले न्हाईत. चार वाजता तिनं दुर्बीण काढली, उकळून गार केलेल्या पाण्यानं धुतली अन् दिली. राधेश्याम सरांनी पडद्याविना, कोणाशी न बोलता पुष्पाबाईचं ऑपरेशन केलं. हात चांगला हाय त्यांचा, ते मी नाकारत न्हाई.

तिसऱ्या दिवशी बेबीनंदाला थिएटरातून काढून बाहेर ओपीडीत बसवलं. वजन करायचं, बीपी बघायचं. बावीस वर्षं दुर्बीण सांभाळलेल्या हाताला वजनकाटा! अन् महिन्यानं संघटनेचं पोस्टर आलं, दुर्बिणीसाठी पूर्ण एक तास, हाच आमचा नियम. खाली राधेश्याम सरांचा फोटो. थिएटरच्या दारावर लावलंय. रोज पुसते मी ते, अन् रोज दात खाते.

पोस्टर लागलं त्याच आठवड्यात पुष्पाबाई दाखवायला आल्ती. हातात नारळ. सरांच्या पाया पडायला निघाली व्हती, देवमाणूस म्हणे. मह्याच्यानं राहवलं न्हाई. दंडाला धरून तिला वजनकाट्याकडं वळवलं अन् म्हणाले, "पाया पडायचं तर हिच्या पड. का, ते मी सांगते." अन् सांगितलं सगळं, रांगेतल्या बायांना ऐकू जाईल असं.

पुष्पाबाई वाकली तशी बेबीनंदानं पाय मागं घेतले. "पाया-बिया न्हाई. पोट दाखव."

पडद्याआड नेऊन तिनं चारही भोकं बघितली. बोटानं हळूच दाबून बघितली, एकेक करून, दोनदा. पांढऱ्या बारीक खुणा, बिलकुल कोरड्या.

"कोरडं हाय," ती म्हणाली अन् पदर नीट करून दिला. मंग मह्याकडं न बघता म्हणाली, "मावशी, अक्षताचं असंच असायला पायजे व्हतं."

अन् पुढच्या बाईला काट्यावर उभं राहायला सांगितलं.